उपनगरात राहायला जाताय? आधी वाईट दिवस मोजा

घर बघायला गेलो तो रविवार होता. गाडी रिकामी, खिडकीजवळ जागा, दारापासून दारापर्यंत ५४ मिनिटं. घर दाखवणारा दलाल म्हणाला, "स्टेशनपासून सात मिनिटं, रमतगमत." आम्ही तिथल्या तिथे अनामत रक्कम देऊन मोकळे झालो. राहायला गेल्यावर पहिल्या सोमवारी मी ऑफिसच्या खुर्चीत टेकले, तेव्हा घरातून निघून १ तास ५२ मिनिटं झाली होती.

आम्हाला कोणी फसवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी जाऊन कामाचा दिवस मोजला, ही चूक आमचीच. त्यानंतर चौदा वर्षं मी असा प्रवास केला. नोकरी मोठ्या शहरात आणि बिऱ्हाड त्याच्याबाहेरच्या उपनगरी शहरात, असं पहिल्यांदाच करू पाहणाऱ्या ओळखीपाळखीच्या लोकांना मी दरवेळी एकच गोष्ट सांगत आले: चांगला दिवस कुठेही चांगलाच जातो, तुम्ही वाईट दिवस मोजा. गाड्या उशिरा धावताहेत, पाऊस आहे, मूल तापलंय आणि साहेबांनी साडेपाचला मीटिंग लावलीय, असा दिवस. तो दिवस तुम्हाला ज्या घरातून निभावता येईल, ते घर तुमचं.

पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे, ज्या क्रमाने ते करायला हवं होतं. आम्ही जवळजवळ उलट क्रमाने केलं.

भाडं बघण्याआधी तास मोजा

अंतर किलोमीटरमध्ये सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. मिनिटं विचारा, आणि कुठून कुठपर्यंतची तेही विचारा. "गाडीने ४० मिनिटं" म्हणजे फक्त गाडीत असतानाची. तुमचा प्रवास पाच तुकड्यांचा असतो: घर ते स्टेशन, फलाटावरची वाट, गाडी, मध्ये बदलायची असेल तर दुसरी गाडी, आणि उतरल्यापासून कामाच्या जागेपर्यंत. जाहिरातीत येतो तो मधला एक तुकडा. पायातलं बळ जातं ते उरलेल्या चारांत.

वाट बघण्याचा तुकडा नवखा माणूस हमखास विसरतो. गाडी दर २० मिनिटांनी असेल आणि तुम्ही वेळापत्रक न बघता पोहोचत असाल, तर सरासरी १० मिनिटं फलाटावरच जाणार. गाड्या अनियमित धावत असतील तर त्याहून जास्त, कारण दोन गाड्यांमधलं अंतर जेवढं मोठं, तेवढी त्याच अंतरात आपण सापडण्याची शक्यताही मोठी. "माझ्याच वाट्याला उशिराची गाडी का येते" या तक्रारीमागे नशीब नसतं, साधं गणित असतं.

आता गुणाकार करा. एका बाजूचा दीड तास, म्हणजे दिवसाला तीन. वर्षात कामाचे २४० दिवस धरले तर ७२० तास. त्याला २४ ने भागलं की ३०. वर्षातले ३० अख्खे दिवस, रात्रींसकट, जाण्यायेण्यात. मी हे गणित तिसऱ्या वर्षी केलं आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही.

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळात रोज साधारण तासभरच प्रवासाला देतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, वस्ती लांब पसरते. पायी चालणाऱ्यांची शहरं लहान होती, रेल्वे आली तशी ती रुळांच्या कडेने लांबत गेली. हा नियम प्रत्येकाला लागू पडतो असं नाही, पण मापपट्टी म्हणून ठेवायला चांगला आहे. जाऊन-येऊन तासाच्या आसपास असाल तर फार विचार करू नका. दोन तासांच्या पुढे गेलात तर त्याची किंमत कशातून तरी वसूल होणार. झोपेतून, बहुतेक.

आणि "प्रवास लांबला तरी घर मोठं मिळतंय ना, फिटंफाट" असं म्हणत असाल, तर जरा थांबा. आलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून नेमकं हेच तपासलं होतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशी फिटंफाट होत नसल्याचं दिसलं. प्रवास जितका लांब, तितकं लोकांनी स्वतःच सांगितलेलं समाधान कमी. घराचं कौतुक हळूहळू सवयीचं होतं. प्रवासाची दगदग मात्र रोज ताजी असते.

पैशांचं थोडक्यात. घरभाडं वेगळं आणि प्रवासखर्च वेगळा असा कधी धरू नका. अमेरिकेत घरांचा परवडणारेपणा मोजणारी एक पद्धत दोन्ही एकत्र धरते आणि मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंत सीमा मानते. आकडा तुमच्याकडे वेगळा निघेल, पण बेरीज करण्याची सवय घ्या. लांबच्या स्वस्त घरापायी दुचाकी घ्यावी लागली, तर तिचा हप्ता त्या घराच्याच खात्यात लिहायचा.

एक दिवस खोटं खोटं ऑफिस

घर पसंत पडायच्या आधी हे करा, नंतर नाही. आठवड्यातला मधला एखादा कामाचा दिवस निवडा. रजा टाका. त्या भागात कोणी ओळखीचं असेल तर आदल्या रात्री मुक्काम करा, नाहीतर पहाटे तिथे पोहोचा. मग ज्या वेळी रोज निघावं लागेल त्याच वेळी त्या घराच्या फाटकातून निघा आणि ऑफिसच्या दारापर्यंत जा. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी परत या. परत येणं गाळू नका. सकाळी अंगात उमेद असते, त्यामुळे सगळंच जमण्यासारखं वाटतं. खरा निकाल संध्याकाळी लागतो.

फलाटावर पोहोचलात की लगेच चढू नका. दोन-तीन गाड्या सोडा आणि नुसतं बघा. सगळे चढू शकतात का, की काही मागे राहतात? दारातली माणसं आत सरकतात का? म्हातारी माणसं, पोटुशी बाई, मूल कडेवर घेतलेला बाप या गर्दीत दिसतात का, की त्यांनी ही वेळ सोडूनच दिली आहे?

गर्दी मोजायला जपानी लोकांची फूटपट्टी मला फार आवडते. तिथे अधिकृतपणे १०० टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा, नाहीतर धरायला कडी किंवा दाराजवळचा खांब. १५० टक्क्यांना वर्तमानपत्र उघडून आरामात वाचता येतं. १८० ला घडी घालून, ओढूनताणून. २०० ला अंगाला अंग लागतं, चांगलंच दडपतं, पण छोटं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. आणि २५० टक्के म्हणजे गाडी हलली की सगळे एकदम तिरके होतात, हातसुद्धा हलवता येत नाही. वर्तमानपत्राच्या जागी आता फोन धरा. तुमच्या गाडीत फोन दोन हातांनी धरता येतो, एका हाताने येतो, की खिशातून काढताच येत नाही? याचं उत्तर कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही, गाडीत उभं राहूनच मिळतं.

त्याच दिवशी आणखी चार गोष्टी बघून ठेवा. जलद गाडी तुमच्या स्टेशनवर थांबते का. शेजारच्या स्टेशनवर थांबत असेल तर कित्येकदा तेच बरं. तुमच्या स्टेशनातून गाडी सुटते का, की मागून भरून येते. शहराकडून येणारी शेवटची गाडी किती वाजताची. आणि रेल्वे बंद पडली तर दुसरा रस्ता कुठला: बस, दुसरा लोहमार्ग, काहीही. दुसरा रस्ताच नसलेली शहरं असतात. तिथे वाईट दिवशी सगळं गाव एकाच फलाटावर उभं असतं.

तुम्ही स्वतःची गाडी चालवत जाणार असाल तर हाच प्रयोग रस्त्यावर करा, पार्किंग शोधण्याच्या वेळेसकट. आणि "दोन वर्षांत रस्ता रुंद होतोय, मग काय, अर्ध्या तासात" हे वाक्य ऐकलंत तर मनात नोंद करा आणि सोडून द्या. जिल्स द्युरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांबद्दल दाखवून दिलं की महामार्ग जितका वाढवावा, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं. होऊ घातलेल्या रेल्वेमार्गाबद्दलही माझं मत हेच. जे आज धावतंय त्यावर घर घ्या. जे उद्या धावेल ते बक्षीस समजा.

तसं घर आणि रेल्वे एकाच तोंडाने विकणं ही काही आजची युक्ती नाही. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांच्या कंपनीने १९१० मध्ये ओसाकाजवळ रेल्वे सुरू केली आणि त्याच वर्षी रुळांच्या कडेची घरं हप्त्यांवर विकायला काढली. लोक तिथे राहिले की रोज गाडीने जातील, असा सरळ हिशेब. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ मध्ये आपल्या मार्गावरच्या वस्त्यांना "मेट्रोलँड" असं नावच देऊन टाकलं. हिरवळ, मोकळी हवा, शहर हाकेच्या अंतरावर. शंभर वर्षांत जाहिरातीचा मजकूर फारसा बदललेला नाही.

"सात मिनिटं" म्हणजे किती

जपानमध्ये घराच्या जाहिरातीत चालण्याची मिनिटं लिहायची तर नियम आहे: ८० मीटरला एक मिनिट, वरचं उरलेलं पूर्ण मिनिट धरायचं. नियम सरळ आहे, पण त्यात चढ, सिग्नल आणि फाटकाजवळचा खोळंबा येत नाही. आपल्याला मात्र तो धरावाच लागतो. नकाशावर पायवाटेचं अंतर बघा, ८० ने भागा, मग स्वतः चालून किती लागतं ते बघा. आमच्या "सात मिनिटां"चं अंतर १,१०० मीटर निघालं. म्हणजे सिग्नल न धरताही चौदा. सात मिनिटांत ते पळत गेलं तरच होतं, आणि दलालाचा बांधा पळणाऱ्याचा नव्हता.

घर रुळांच्या कुठल्या बाजूला आहे हेही बघा. ऑफिसकडे जाणारी गाडी ज्या फलाटावर लागते, त्या बाजूला प्रवेशद्वार आहे का? नसेल तर रोज पुलाच्या पायऱ्या चढा-उतरा, तेही गाडी आत शिरताना दिसत असताना. या एका पुलापायी माझ्या किती गाड्या चुकल्या याची गणती नाही.

शेवटची पाहणी अंधारात. रात्री दहाच्या पुढे स्टेशन ते घर एकदा चाला. दिवे कुठे आहेत, उघडं दुकान कुठपर्यंत आहे, कुठे कोणीच नसतं. बायकांना हे सांगावं लागत नाही. पुरुषांनी घरातल्या बाईला, मुलीला सोबत घेऊन चालावं आणि ती कुठे झपाझप पावलं उचलते ते बघावं. दुचाकी किंवा सायकल स्टेशनवर ठेवणार असाल तर तिथे सकाळी आठनंतर जागा उरते का, हा प्रश्न तिथे आधीच गाडी लावणाऱ्याला विचारा.

पहिला महिना

पासाचं गणित सोपं आहे, तरी लोक करत नाहीत. मासिक पासाच्या किमतीला एका दिवसाच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाने भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त दिवस जाणार असाल तर पास, नाहीतर सुटं तिकीट. आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम असेल तर उत्तर वेगळं येऊ शकतं. (रोजच्या प्रवासासाठी इंग्रजीत "कम्यूट" हा जो शब्द आहे, तो मुळात पासातूनच आला. १८४० च्या दशकात अमेरिकी रेल्वे कंपन्या सुट्या भाड्याऐवजी कमी दराचं ठोक तिकीट देऊ लागल्या, त्याला कम्यूटेशन तिकीट म्हणत. म्हणजे आपण सगळे सवलतीतली माणसं.)

वेळापत्रक पाठ करू नका. तुमची एक गाडी, तिच्या आधीची एक आणि नंतरची एक एवढं पुरतं. नेहमीची गाडी पकडायला जेव्हा निघावंसं वाटेल, त्याच्या दहा मिनिटं आधी निघा. त्या दहा मिनिटांनी माझी जेवढी भांडणं वाचवली तेवढी कोणी वाचवली नाहीत.

फलाटावर रोज एकाच जागी उभं राहा. जागा निवडताना चढायच्या सोयीचा विचार करू नका, उतरायच्या सोयीचा करा: उतरलं की जिना समोर आला पाहिजे. हे जमलं की दोन-तीन मिनिटं सुटतात, आणि गाडी बदलायची असेल तर पुढची गाडीच मिळून जाते. दुसरा फायदा नंतर कळतो. त्याच जागी त्याच वेळी तेच चेहरे येतात. आधी मान हलते, मग "आज उशीर?" एवढं, मग कोणीतरी जागा धरतं, मग कुणाच्या मुलीच्या परीक्षेचा निकाल तुम्हाला तिच्या मामाच्या आधी कळतो. मी एका बाईंबरोबर सहा वर्षं प्रवास केला. त्यांचं आडनाव मला त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी कळलं.

डब्यातल्या रीतीभाती कोणी शिकवत नाही, चुकलात की कळतात. पाठीवरची पिशवी पुढे घ्या. दारात उभे असाल तर मधल्या स्टेशनवर खाली उतरून वाट द्या. फोन कानाला लावून घरची भांडणं नकोत. नव्या माणसाने जुन्या टोळक्याच्या ठरलेल्या जागेवर हक्क सांगू नये, हा नियम मला कधीच पटला नाही, पण पहिल्या महिन्यात त्यावर लढू नये एवढं मी सांगेन.

प्रवासातल्या वेळेचं काय करायचं यावर लोक मोठमोठे बेत करतात. नवी भाषा शिकणार, ग्रंथ वाचणार. मीही केले. प्रामाणिकपणे सांगायचं तर बसायला मिळालं की मी झोपले आणि उभी असले की खिडकीबाहेर बघत राहिले. ऐकण्यासारखं काही असेल तर उभ्यानेही ऐकता येतं, तेवढं खरं. पण प्रवासात ऑफिसचं काम करायची सवय मात्र लावून घेऊ नका. एकदा का साहेबांना कळलं की तुम्ही साडेसातला गाडीतून उत्तर देता, की तुमचा दिवस साडेसातलाच सुरू होतो.

वाईट दिवसाची शिदोरी

आता मुख्य भाग. गाड्या बंद पडतील. कधी पाणी साचल्यामुळे, कधी तार तुटून, कधी नुसतंच "तांत्रिक कारणामुळे". ते कधी होईल हे तुमच्या हातात नाही. त्या दिवशी कोण कुठे असेल हे मात्र आधी ठरवता येतं.

मूल असेल तर सगळ्यात आधी हे करा: तुमच्या शहरातच, दहा-पंधरा मिनिटांवर राहणारी दोन माणसं शोधा, जी शाळेतून किंवा पाळणाघरातून मुलाला घरी नेऊ शकतील. त्यांची नावं शाळेत लेखी देऊन ठेवा. नुसतं फोनवर सांगून कुठलीही शहाणी शाळा मूल कुणाच्या हाती देणार नाही, देऊही नये. आमच्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मी आणि नवरा दोघंही दोन वेगवेगळ्या गाड्यांत अडकलो होतो. मुलगा शाळेच्या पायरीवर पावणेआठपर्यंत बसून होता, शिपाई त्याच्या शेजारी. शेजारच्या काकू न्यायला गेल्या होत्या, पण त्यांचं नाव यादीत नव्हतं. शाळेचं काही चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी यादीत तीन नावं घालून आले.

यातून दुसरी गोष्ट निघते. दोघंही नोकरी करणारे असाल आणि निवडायची संधी असेल, तर दोघांची ऑफिसं एकाच लांबच्या टोकाला नसलेली बरी. एकाचं तरी काम घराच्या जवळ किंवा निदान वेगळ्या मार्गावर असावं. एकाचा पगार थोडा कमी असला तरी चालेल, असं माझं मत आहे. माझ्या नवऱ्याचं नाही.

घराची एक किल्ली शेजारी. ऑफिसच्या कपाटात कपड्यांचा एक जोड, दात घासायचा ब्रश, रोजची औषधं असतील तर दोन दिवसांची. शहरात एखादी मैत्रीण किंवा नातेवाईक, जिच्याकडे रात्री अकराला "येऊ का?" असं विचारता येईल, आणि असं विचारायची वेळ येण्याआधी तिच्याकडे दोन-चारदा सहज जाऊन यायचं. पिशवीत पाणी, फोनला वीज देणारी बॅटरी, थोडी सुटी रोकड. गाड्या बंद असताना ऑनलाइन पैसेही नेमके तेव्हाच अडकतात.

डॉक्टर आपल्या राहत्या शहरात हवा, ऑफिसजवळ नको. ताप रात्री येतो. आणि तो डॉक्टर तुम्ही परत येता त्या वेळी उघडा असतो का ते बघा. मी दोन वर्षं एका फार चांगल्या डॉक्टरांची रुग्ण होते, म्हणजे नावापुरती. त्यांचा दवाखाना सातला बंद व्हायचा आणि मी साडेसातला उतरायचे.

साहेबांशी बोलणंही याच शिदोरीत धरा. नोकरी लागतानाच सांगून ठेवा की गाड्या बंद असतील त्या दिवशी मी घरून काम करेन, किंवा उशिरा येऊन उशिरा जाईन. अडकलेल्या गाडीतून विनवणी करण्यापेक्षा कोरड्या खुर्चीत बसून मागितलेली सवलत लवकर मिळते. शक्य असेल तर रोजचीच वेळ थोडी सरकवून घ्या. गर्दीचा कळस तास-दीड तासाचा असतो. पाऊण तास आधी निघणाऱ्याला तेच शहर, तीच गाडी वेगळी दिसते.

झोपायला येता त्या गावात राहायचं कसं

अशा शहरांना जर्मन भाषेत "श्लाफश्टाट" म्हणतात, म्हणजे झोपेचं शहर. जपानीत "बेड टाउन". जपानच्या जनगणनेत दिवसाची आणि रात्रीची लोकसंख्या वेगवेगळी काढतात, आणि रात्रीच्या दर शंभर माणसांमागे दिवसाची शंभराच्या खाली गेली की समजायचं, इथली माणसं सकाळी बाहेर जातात. तुमच्या नव्या शहराचा असा आकडा कदाचित मिळणार नाही, पण कामाच्या दिवशी सकाळी अकराला बाजारपेठेत उभे राहा, कळेल. म्हातारी माणसं, लहान मुलं, त्यांना सांभाळणारे आणि दुकानदार. दिवसाचं शहर त्यांचं असतं. तुम्ही तिथे राहता खरे, पण ते तुम्हाला ओळखत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी उद्यानशहरांची कल्पना मांडणाऱ्या एबेनेझर हॉवर्ड यांना हे असं अपेक्षितच नव्हतं. १८९८ मध्ये त्यांनी रेखाटलेल्या नगरात घरं, कारखाने, शेती सगळं एकाच ठिकाणी होतं. माणसाने तिथेच राहावं, तिथेच राबावं. १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये लेचवर्थ त्याच विचाराने वसवायला घेतलं. आज तिथूनही लोक सकाळी लंडनची गाडी पकडतात.

म्हणून घरी जो राहतो, त्याच्याकडे लक्ष द्या. प्रवास करणाऱ्याच्या दगदगीचं सगळे बोलतात. ओळख नसलेल्या गावात दिवसभर एकटं राहणाऱ्या जोडीदाराचं किंवा आईवडिलांचं कोणी बोलत नाही. घर निवडताना दुपारी चालत जाता येईल अशी बाग, वाचनालय, दवाखाना, बाजार जवळ आहे का हा प्रश्न त्यांच्यासाठी आहे. आईला स्टेशनपासून चार मिनिटांचं घर मिळून उपयोग नाही, तिला गाडी पकडायची नाही.

स्वतःसाठी, कामाच्या दिवसांतली एक संध्याकाळ या शहराला द्या. शनिवार-रविवार नको, ते कपडे धुण्यात आणि झोपेत जातात. मी बुधवारी गाण्याच्या वर्गाला जाऊ लागले. आवाज यथातथाच, पण वर्ष संपेपर्यंत भाजी घेताना नावाने हाक मारणारी अकरा माणसं झाली. पत्ता बदलल्याची कागदपत्रं, मतदारयादीतलं नाव, ही कामं पहिल्या तीन महिन्यांत उरका. इथल्या पाण्याबद्दल, रस्त्यांबद्दल, स्टेशनबाहेरच्या दिव्यांबद्दल निर्णय घेणाऱ्यांच्या लेखी यादीत नसलेला माणूस इथे राहतच नसतो.

सहा महिन्यांनी वही उघडा

पहिल्या दिवसापासून एक छोटी वही ठेवा. तारीख, घरातून निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, उभं की बसून. बाकी काही नको. सहा महिन्यांनी सरासरी काढू नका. सगळ्यात वाईट दहा दिवस शोधा आणि त्या दिवशी घरात काय काय बिघडलं ते आठवा. ते तुम्हाला झेपलं का? झेपलं नसेल तर कुठला तुकडा बदलता येईल: गाडीची वेळ, घर, नोकरी, की फक्त स्टेशनपर्यंतचं चालणं?

माझ्या वहीत एक गोष्ट दिसली जी मला ठाऊक असून कळली नव्हती. वाईट दिवस म्हणजे उशिराचे दिवस असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात उशीर झाला पण बसायला मिळालं, अशा दिवशी मी घरी येऊन मुलाशी बोलत असे. वेळेत पोहोचले पण दीड तास उभी राहिले, अशा दिवशी कोणाशीच बोलत नसे.

पाचव्या वर्षी आम्ही घर बदललं. शहराच्या जवळ नाही, दोन स्टेशनं आणखी लांब, जिथून गाडी सुटते. प्रवास रोज अकरा मिनिटांनी वाढला. सासूबाईंना वाटलं, माझं डोकं फिरलंय. मी त्यांना एक दिवस सकाळी सोबत नेलं आणि खिडकीत बसवलं.